वांझ कोण? न तपासलेल्या पुरुषाचा इतिहास

१/
माझी आजी वरणगावची. भुसावळहून मुक्ताईनगरकडे जाणाऱ्या महामार्गावरचे हे गाव आज आयुधनिर्माणीमुळे ओळखले जाते, पण ती निर्माणी १९६४ ची. आजी सांगत असे ती हकिकत त्याच्या कितीतरी आधीची, तिच्या आईच्या काळातली. गल्लीतल्या एका गृहस्थाला मूल होईना, म्हणून त्याने दुसरी बायको केली. तिलाही मूल झाले नाही. गावाने निकाल दिला, की बिचाऱ्याच्या नशिबी दोन्ही वांझ आल्या.

२/
या निकालात एक साधा हिशेब कोणी केला नाही. बायका दोन होत्या, नवरा एकच होता. तरीही संशयाचे बोट त्याच्याकडे वळले नाही. का वळले नाही, हा आजच्या धाग्याचा विषय. त्यात आयुर्वेद आहे, गोव्यात छापलेला एक ग्रंथ आहे, मुंबईतला एक खटला आहे आणि माणसाच्या स्वतःच्या रक्तात तयार होऊन त्याच्याच बीजाला चिकटणारी प्रतिपिंडेही आहेत.

३/
आरंभ भाषेपासून करू. मराठीत स्त्री वांझ असते. गाय, जमीन आणि झाडही वांझ असते. पुरुषासाठी मात्र ‘निपुत्रिक’ हा शब्द आहे. ‘वांझ’ हा शब्द दोष दाखवतो, तर ‘निपुत्रिक’ केवळ परिस्थिती सांगतो आणि वर थोडी सहानुभूतीही मिळवून देतो. उरला ‘नपुंसक’. तो शब्द संभोगाच्या असमर्थतेविषयी आहे. परिणामी, जो पुरुष संसार करू शकतो त्याच्या बीजात काही उणे असेल, ही शक्यता बोलायला रोजच्या भाषेत शब्दच उरला नाही.

४/
आपल्या प्राचीन वैद्यकाला हा भेद ठाऊक नव्हता असे मात्र नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात क्लैब्याचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांत बीजाच्या बिघाडामुळे येणारे आणि इंद्रियाच्या असमर्थतेमुळे येणारे असे दोन वेगळे प्रकार आहेत. त्याच ठिकाणी शुक्राचे आठ दोषही मोजले आहेत: फेसाळ, पातळ, रुक्ष, विवर्ण, दुर्गंधी इत्यादी. पुरुषाचे बीज सदोष असू शकते, हे विधान या भूमीला नवे नाही.

५/
मग समाजाने काय उचलले? धर्मशास्त्राने उचलले ते वेगळेच. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वंध्या स्त्रीच्या जागी आठव्या वर्षी दुसरी पत्नी करावी असे सांगितले आहे. वैद्यकग्रंथ मोजक्या वैद्यांच्या हाती राहिले, हा नियम मात्र घरोघरी रूढ झाला. एकाच परंपरेत ज्ञानही होते आणि अन्यायही होता. व्यवहारात चालला तो अन्याय.

६/
इथे एक सावधगिरी. इतिहासाचे वाचक या टप्प्यावर लगेच राजघराण्यांकडे वळतात. १८४८ मध्ये सातारा आणि १८५४ मध्ये नागपूर ही राज्ये औरस वारस नाही व दत्तक मान्य नाही, या सबबीवर कंपनी सरकारने खालसा केली. एका घरातले मूल नसणे राज्याच्या नकाशापर्यंत कसे पोहोचते, याची ही ठळक उदाहरणे. पण त्या राजांना कोणता विकार होता हे आज ठरवू पाहणे म्हणजे इतिहास नव्हे, तर्कट आहे. तो मोह टाळून पुढे जाऊ.

७/
आता रोगांकडे. सोळाव्या शतकातील वैद्य भावमिश्र याच्या ‘भावप्रकाश’ या ग्रंथात ‘फिरंग’ नावाचा रोग प्रथमच सविस्तर येतो. फिरंग्यांच्या देशात तो बहुत आढळतो आणि त्यांच्या संगाने होतो, म्हणून हे नाव. हाच पुढे ‘गरमी’ किंवा उपदंश म्हणून ओळखला गेला. त्यावर पारा आणि चोपचिनी हे उपाय दिले जात.

८/
चोपचिनीची कथा आपल्या शेजारच्या गोव्यातही आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता गोव्यात राहत असे. त्याचा औषधी वनस्पतींवरील संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. चीनहून येणारी ही मुळी याच रोगावर कशी वापरली जाते, याची चर्चा त्यात आहे. म्हणजे रोग समुद्रमार्गाने आला आणि त्याचे औषधही त्याच बंदरांतून आले.

९/
संततीच्या दृष्टीने मात्र गरमीपेक्षा तिचा भाऊ अधिक घातक ठरला. हा भाऊ म्हणजे ‘परमा’. तो मूत्रमार्गाला जडतो. जळजळ होते, पू येतो आणि बऱ्याचदा काही आठवड्यांनी त्रास आपोआप ओसरतो. रोगी समजतो, आपण बरे झालो. जंतू मात्र आत सरकलेले असू शकतात.

१०/
ते कुठे पोहोचतात हे समजून घेऊ. वृषणात तयार झालेले शुक्राणू ‘अधिवृषण’ नावाच्या अतिशय बारीक, गुंडाळलेल्या नळीत परिपक्व होतात. कित्येक मीटर लांबीची ही नळी बोटाच्या पेराएवढ्या जागेत दुमडलेली असते. तिथे दाह झाला की बरे होताना व्रण उरतो आणि नळी बुजते. दोन्ही बाजूंना असे झाले तर वृषण शुक्राणू बनवत राहतो, पण बाहेर एकही येत नाही. पुरुषाचा संसार, ताकद, वीर्य सारे वरकरणी पूर्ववत असते. म्हणून शंका येत नाही.

११/
विज्ञानाच्या इतिहासातला एक योगायोग पाहा. १६७७ मध्ये हॉलंडच्या लेव्हेनहूकने सूक्ष्मदर्शकाखाली मानवी शुक्राणू पाहिले. त्याच्याकडे पहिला नमुना योहान हाम या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आणला होता, आणि तो होता परम्याच्या एका रोग्याचा. म्हणजे शुक्राणू आणि गुप्तरोग यांची विज्ञानाच्या नजरेसमोर गाठ पहिल्याच दिवशी पडली. त्यांचा परस्परसंबंध उलगडायला मात्र जवळपास दोन शतके लागली.

१२/
१८७२ मध्ये एमिल नोगेराथ या डॉक्टरने एक अप्रिय मत मांडले. नवऱ्याच्या अंगात दबून राहिलेला परमा बायकोला होतो आणि अनेक ‘वांझ’ स्त्रियांच्या दुःखाचे मूळ तिथे असते, असे त्याचे म्हणणे होते. समव्यावसायिकांनी ते फारसे मानले नाही. सभ्य घरातल्या नवऱ्यांवर हा आरोप कसा करावा? १८७९ मध्ये आल्बर्ट नायसरने परम्याचा जंतूच शोधून काढला आणि वारे हळूहळू फिरू लागले.

१३/
याच काळात आपल्याकडे काय चालले होते? १८६८ मध्ये ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानासाठी सांसर्गिक रोगांचा कायदा केला. १८७० मध्ये तो मुंबई शहराला लागू झाला. वेश्याव्यवसायातील स्त्रियांची नोंदणी, सक्तीची तपासणी, आणि रोग आढळल्यास ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये डांबणे, असे त्याचे स्वरूप होते. तिच्याकडे येणाऱ्या पुरुषाला या कायद्याने तपासले नाही. तीव्र विरोधानंतर १८८८ मध्ये तो रद्द झाला.

१४/
वरणगावच्या गल्लीतला निकाल आणि हा कायदा यांतले साम्य लक्षात येते का? एकीकडे अशिक्षित गाव, दुसरीकडे साम्राज्याची विधानसंस्था. मूल होत नाही, तर स्त्रीला तपासा. रोग पसरतो, तरी स्त्रीलाच तपासा. दोन्हीकडे पुरुष हा तपासणीचा विषयच नव्हता. तो तपासणी करणारा होता, किंवा तपासणी ज्याच्या हितासाठी करायची तो होता.

१५/
मराठीत या मौनाला पहिला मोठा तडा दिला तो रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. महर्षी कर्व्यांचे हे ज्येष्ठ पुत्र. जन्म १८८२, व्यवसाय गणिताची प्राध्यापकी. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले तेही याच वर्षी. या प्रचारापायी १९२५ मध्ये त्यांना विल्सन कॉलेजची नोकरी सोडावी लागली. ‘गुप्त रोगांपासून बचाव’ या नावाचे पुस्तकही त्यांनी लिहिले.

१६/
जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. संततिनियमन आणि वंध्यत्व हे विषय वरवर एकमेकांच्या उलट वाटतात. प्रत्यक्षात दोहोंचे शरीरशास्त्र एकच आहे. गर्भधारणा कशी होते हे ज्याला समजले, त्याला ती कशी टाळावी हेही समजते आणि ती का होत नाही हेही. गुप्तरोग ही पापाची शिक्षा नसून जंतूंमुळे होणारा आजार आहे, ही कर्व्यांची बुद्धिवादी भूमिका होती.

१७/
मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली जात. जे आईवडिलांना, गुरुजींना किंवा डॉक्टरांनाही विचारता येत नव्हते, ते वाचक या मासिकाला विचारत. अशाच उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला उभा राहिला. १९३४ मध्ये मुंबईच्या न्यायालयात कर्व्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावरचे प्रत्येक लेखन अश्लील ठरत नाही, आणि लोकांच्या मनात विकृती असेल तर ती ज्ञानानेच दूर होईल, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता.

१८/
खटला ते हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. मात्र आंबेडकरांनी हा विषय सोडला नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मांडला; त्यामागचे विचार आंबेडकरांचे होते. तोही ठराव फेटाळला गेला. पराभवांची ही मालिका ध्यानात ठेवावी. आज आपण डॉक्टरांसमोर जे प्रश्न निर्धास्तपणे विचारतो, त्यांची किंमत कोणीतरी आधी भरलेली आहे.

१९/
आता आजीच्या गोष्टीतल्या ‘दुसऱ्या बायको’कडे येऊ. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये हिंदू द्विभार्या प्रतिबंधक कायदा केला. खानदेश तेव्हा याच प्रांतात होता. या कायद्याला आव्हान मिळाले ते ‘मुंबई राज्य विरुद्ध नरसू अप्पा माळी’ या प्रसिद्ध खटल्यात. मोक्षासाठी पुत्र हवा, आणि पुत्र नसेल तर दुसरे लग्न हवे, हा युक्तिवाद पुढे आला. १९५१ च्या निकालात न्या. छागला यांनी तो मानला नाही. जो धर्म पुत्राची गरज सांगतो, तोच धर्म दत्तकाची सोयही सांगतो, हे त्यांनी दाखवून दिले.

२०/
कायद्याने दुसरी बायको थांबवली. दोष कोणाचा हा प्रश्न मात्र सोडवला नाही. तो प्रयोगशाळेला सोडवायचा होता. तिथे एक विलक्षण गोष्ट सापडली होती. १८९९ मध्ये लँडस्टायनर आणि मेचनिकॉफ यांनी स्वतंत्रपणे दाखवले, की एका प्राण्याचे शुक्राणू दुसऱ्याच्या शरीरात टोचले तर शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. पुढे कळले, की स्वतःच्या शुक्राणूंविरुद्धही असेच होऊ शकते. शरीर त्यांना परके समजू शकते.

२१/
आपलेच बीज परके का वाटावे? कारण शुक्राणू उशिरा येतात. ‘आपले कोण, परके कोण’ ही ओळख शरीर गर्भावस्थेत व बालपणी शिकते. शुक्राणू तयार होतात वयात आल्यावर. म्हणून निसर्गाने वृषणात एक तटबंदी उभारली आहे. १८६५ मध्ये एनरिको सेर्तोली याने वर्णिलेल्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून रक्त आणि शुक्राणू यांना वेगळे ठेवतात. ही तटबंदी मार, पीळ, शस्त्रक्रिया, नळीचा अडथळा किंवा दाह यांमुळे फुटली, तर पहारेकऱ्यांना आतले रहिवासी प्रथमच दिसतात आणि ते त्यांना शत्रू ठरवतात.

२२/
१९५४ मध्ये हॉलंडचे फिलिप रुम्के आणि अमेरिकेतील लेस्ली विल्सन यांनी मूल न होणाऱ्या काही पुरुषांच्या रक्तात अशी प्रतिपिंडे असल्याचे स्वतंत्रपणे नोंदवले. ही प्रतिपिंडे शुक्राणूंना चिकटतात. मग शुक्राणू एकमेकांत गुंततात, जागीच थरथरतात, गर्भाशयमुखाचा स्राव ओलांडू शकत नाहीत किंवा स्त्रीबीजात शिरू शकत नाहीत. संख्या पुरेशी असूनही गर्भधारणा अवघड होते.

२३/
याचा सर्वांत स्पष्ट पुरावा आला नसबंदीतून. नसबंदीनंतर शुक्राणूंची वाट बंद होते, ते आतच विरघळतात, आणि निम्म्याहून अधिक पुरुषांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळतात. यामुळे त्या पुरुषाच्या एकूण आरोग्याला धोका नसतो. अडचण येते ती पुढे कोणाला नळी पुन्हा जोडून घ्यायची असेल तर. वाट मोकळी झाली तरी काहींच्या बाबतीत प्रतिपिंडे अडसर बनून राहतात.

२४/
महाराष्ट्राच्या इतिहासात ही गोष्ट केवळ वैद्यकीय नाही. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, देशभरात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत बहुसंख्य पुरुषांच्या होत्या. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले होते. राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्याने ते अमलात आले नाही. ज्या पुरुषाची तपासणी कोणी केली नव्हती, त्याच्या शरीराकडे राज्यसंस्थेचे लक्ष गेले तेही सक्तीच्या रूपाने. विश्वासात घेऊन विचारणे दोन्ही वेळा राहून गेले.

२५/
आणि स्त्रिया? जानेवारी १९८९ मध्ये डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांचा अभ्यास ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. ६५० स्त्रियांची तपासणी झाली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले. आधी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या जेमतेम ८ टक्के. वांझपणाचा शिक्का मारायला समाज तत्पर होता, तपासायला नव्हता. म्हणजे न्याय पुरुषाचा झाला नाही तसा स्त्रीचाही झाला नाही.

२६/
दरम्यान उपचार पुढे गेले. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून नळीतून गर्भधारणा झालेल्या बाळाचा जन्म झाला. त्या कामात परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. आनंद कुमार सहभागी होते. १९९२ मध्ये ब्रुसेल्समधील संशोधकांनी एकच शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडण्याची पद्धत यशस्वी केल्याचे जाहीर केले. बुजलेली नळी असो वा चिकटलेली प्रतिपिंडे, दोन्ही अडथळ्यांना वळसा घालता येऊ लागला.

२७/
दोन गैरसमज मात्र इथेच दूर करू. पहिला: शुक्राणूविरोधी प्रतिपिंडे आढळली म्हणजे पुरुषाला गुप्तरोग झाला होता, असे नाही. मार, शस्त्रक्रिया, जन्मजात अडथळा अशी अनेक कारणे असतात आणि कित्येकदा कारण सापडतही नाही. संसर्ग हे त्यांतले एक संभाव्य कारण. दुसरा: प्रतिपिंडे आहेत म्हणजे मूल होणारच नाही, असेही नाही. ती किती शुक्राणूंना आणि कुठे चिकटली आहेत, यावर बरेच अवलंबून असते. जुना कलंक पुसताना नवा कलंक लावायचा नसतो.

२८/
आजचे वैद्यक सांगते, की मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारण एकटे किंवा स्त्रीकडील कारणासोबत असते. वीर्यतपासणी ही यातली सर्वांत सोपी, स्वस्त आणि वेदनारहित तपासणी. तरीही अनेक घरांत पहिली सोनोग्राफी, पहिला उपवास आणि पहिला नवस सुनेच्याच वाट्याला येतो. परम्यासारख्या आजारावर वेळेत प्रतिजैविके घेतली तर नळी वाचू शकते. लाजेपायी दोघांची वर्षे जातात.

२९/
शेवटी पुन्हा वरणगाव. आजीच्या गोष्टीतल्या गृहस्थाला काय झाले होते, ते मला सांगता येणार नाही. कदाचित गालफुगीचा ताप असेल, कदाचित बुजलेली नळी, कदाचित दोष खरोखर दुसरीकडेच असेल. राजांचे निदान करायचे नाही असे ठरवले, तर त्याचेही करू नये. पण एवढे निश्चित सांगता येते, की त्या घरातल्या दोन स्त्रियांना पुराव्याविना शिक्षा झाली.

३०/
आजी एक गोष्ट नेहमी शेवटी सांगे. त्या दोघी सवती नवरा गेल्यानंतरही एकाच घरात राहिल्या, एकाच चुलीवर स्वयंपाक करत. सणावाराला त्यांना कोणी ओटी भरायला बोलावत नसे, म्हणून त्या एकमेकींची ओटी भरत. गावाच्या दप्तरात याची नोंद नाही. आता या धाग्यात आहे. आपल्या घरातही अशी एखादी आजी, मावशी, काकू असेल, तर तिची हकिकत विचारून लिहून ठेवा. धागा समाप्त.